आबांचं ऑपरेशन

आमच्या घरात जेवणाच्या वेळा आबांच्या पोटानं ठरवून दिल्या होत्या. सकाळी न्याहारी, दहाच्या सुमारास ताकात कुस्करलेली पाव भाकर, दुपारी मऊ वरणभात, चारला पुन्हा काही हलकं आणि दिवेलागणीच्या आत रात्रीचं जेवण. एका बैठकीला पोटभर जेवायची त्यांना मनाई होती. जेवताना पाणी प्यायचं नाही आणि जेवून उठलं की थोडा वेळ आडवं व्हायचं, हे दोन नियम त्यांनी कधी मोडले नाहीत. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सगळी चुलत-आते भावंडं सोनाळ्याच्या घरी जमायचो. ओसरीवरच्या बाजेवर आबा आडवे झालेले दिसले की आमचा दंगा आपोआप मागच्या अंगणात सरकायचा. कोणाला दटावावं लागत नसे.

घरातली कालगणनाही आबांच्या ऑपरेशनवरूनच चाले. मोठ्या आत्याचं लग्न ऑपरेशनच्या आधीचं, वावरातली विहीर नंतरची. धाकट्या काकांचा जन्म आधीचा, माडीवरचे पत्रे नंतरचे. आम्ही पोरं आबांना आंघोळीला पाणी काढून द्यायचो तेव्हा ती खूण अगदी जवळून दिसायची. बरगड्यांच्या बेचक्यापासून थेट बेंबीपर्यंत उतरलेली, बोटभर रुंद, गुळगुळीत, बाकीच्या कातडीपेक्षा फिकट अशी रेघ. तिच्या दोन्ही अंगांना टाक्यांचे ठिपके. साबण लावताना आबांचा हात तिथं आला की जरा हलका व्हायचा. इतक्या वर्षांनंतरही हात तिथं जपून फिरायचा, हे आमच्यातल्या प्रत्येकाच्या लक्षात राहिलंय.

सोनाळा हे संग्रामपूर तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. उत्तरेला डोंगर आणि अंबाबरव्याचं जंगल, दक्षिणेला काळीची वावरं, त्यात पऱ्हाटी, ज्वारी आणि तूर. सोनाजी महाराजांच्या यात्रेला पंचक्रोशी लोटते. आजारपणाच्या बाबतीत मात्र त्या काळी गावाला डोंगर जवळचा आणि दवाखाना लांबचा होता. पोट दुखलं तर वैद्याचं सूतशेखर किंवा अविपत्तिकर चूर्ण घ्यायचं. त्यानं भागलं नाही तर खायचा सोडा, आणि तरीही भागलं नाही तर शेगावला महाराजांना नवस. आबांनी हे सगळं केलं होतं.

त्यांचं दुखणं कसं होतं, ते आम्ही आजीकडून ऐकलं. दुपारी पाटावर डाळ निवडता निवडता ती सांगायची. "रातचे दोन वाजले का हे उठून बसत. मी उठून चूल पेटवावं, दूध तापवावं, भाकरीचा तुकडा द्यावा, मंग कुठी आग बसे. हिवाळा लागला का लयच वाढे." बहीण पुढं नर्सिंग शिकली तेव्हा तिला आजीचे हे शब्द पुस्तकात जसेच्या तसे भेटले. लहान आतड्याच्या सुरुवातीला झालेला व्रण रिकाम्या पोटी, मध्यरात्रीनंतर दुखतो. खाल्लं की तासाभरापुरता शांत होतो. थंडीत उसळतो, मग महिनोन् महिने दडून बसतो. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण तिनं केलेलं वर्णन कोणत्याही डॉक्टरला पुरलं असतं.

दूध हा त्या काळचा राजमान्य उपाय होता. शिकागोच्या बर्ट्रम सिप्पी यांनी १९१५ मध्ये दर तासाला दूध आणि साय द्यायची पद्धत सुरू केली आणि पुढची कित्येक दशकं जगभरच्या अल्सरच्या रोग्यांनी दुधावर दिवस काढले. दूध पोटात गेल्यावर आग विझते आणि थोड्या वेळानं तेच दूध जठराला आणखी आम्ल सोडायला लावतं, हे नंतर उमगलं. रात्री चुलीपुढं बसलेल्या आजीला ते कळायचं कारण नव्हतं. ते तेव्हा मोठमोठ्या डॉक्टरांनाही कळलेलं नव्हतं.

आपल्याकडे हा आजार कोणाला जास्त होतो, याचा शोध घेणारे एक डॉक्टर मुंबईत पश्चिम रेल्वेत होते, एस. एल. मल्होत्रा. रेल्वेची नोकरी एकच, पगार आणि कामाच्या वेळा सारख्याच, पण माणसं सगळ्या मुलखांतली. ही सोय त्यांनी नेमकी हेरली. दक्षिणेतल्या भात खाणाऱ्या कामगारांत अल्सर फार आणि उत्तरेतल्या पोळी खाणाऱ्यांत कमी, असं त्यांनी १९६४ मध्ये मांडलं. चावून खाल्लेल्या अन्नात लाळ मिसळते आणि ती पोटाला राखते, असा त्यांचा तर्क होता. आज सगळा भार त्या तर्कावर टाकता येत नाही. पण रोग्याचा व्रण पाहायचा तर त्याचं ताट, त्याचं गाव, त्याची पाळी हेही पाहायचं, ही त्यांची नजर मला मोलाची वाटते. आमचे आबा तर भाकर खाणारे होते आणि घास चावून खाणारे होते. तरी त्यांना झालाच.

वर्षानुवर्षं व्रण होत राहिला, भरत राहिला. प्रत्येक वेळी भरताना तिथं जून कातडं धरत गेलं आणि जठरातून आतड्यात जायची वाट अरुंद होत गेली. भारतात हे फार व्हायचं. माणूस दवाखान्यात पोचायचा तोवर वाट जवळजवळ बुजलेली असायची. शेवटच्या वर्षी आबांना दुखायचं कमी झालं आणि घरच्यांना वाटलं, उतार पडला. पण मग उलट्या सुरू झाल्या. संध्याकाळी खाल्लेलं सकाळी तसंच्या तसं बाहेर पडायचं, त्यात आदल्या दिवशीच्या तुरीच्या डाळीचे दाणे ओळखू यायचे. उलटी झाली की बरं वाटतं म्हणून ते स्वतःच गोठ्यामागं जाऊन घशात बोट घालायचे. कुस बदलली की पोटात पाणी डचमळल्याचा आवाज आजीला ऐकू यायचा. धोतर कमरेला राहीना इतके ते वाळले.

१९६९ चा हिवाळा होता. कापूस घरात आला होता. तो खामगावच्या बाजारात विकला आणि ते पैसे फडक्यात बांधून आजीनं कमरेला खोवले. बंडीनं हिवरखेड गाठलं आणि तिथून मीटर गेजची गाडी धरून अकोला. खंडव्याहून सातपुडा उतरून येणारी ती गाडी आमच्या भागाची दवाखान्याची वाट होती. मोठे काका तेव्हा कॉलेजच्या वयाचे होते, ते सोबत गेले आणि त्यांनी रक्त दिलं. रक्त दिल्यानं माणूस आयुष्यभर अधू होतो, अशी गावात समजूत होती. काकांचं लग्न जमताना मुलीकडच्यांनी ते विचारलंसुद्धा.

ऑपरेशनच्या आधी कितीतरी दिवस रोज जाड रबरी नळी तोंडावाटे घालून आबांचं पोट धुतलं जाई. फुगून सैल पडलेलं जठर आधी रिकामं आणि स्वच्छ व्हावं लागतं, तरच टाके धरतात. धुतलेल्या पाण्यात ज्वारीचा कोंडा यायचा तोवर डॉक्टर मान हलवून पुढं जायचे. पाणी नितळ आलं त्या दिवशी तारीख ठरली.

आबांचं ऑपरेशन दोन भागांचं होतं. बहिणीच्या वहीतून त्याची लांबलचक नावं आम्हाला पुढं कळली, ट्रंकल व्हेगोटॉमी आणि गॅस्ट्रोजेजुनोस्टॉमी. व्हेगस नावाची नस मेंदूतून निघते आणि अन्ननलिकेच्या कडेकडेनं पोटात उतरते. आम्ल सोड, हा हुकूम जठराला तीच पोचवते. पहिल्या भागात ती कापायची. पण तीच नस जठराला हलवते आणि रिकामंही करते, म्हणून कापल्यावर जठर सुस्त पडतं. आबांची तर मुळातली वाटच बुजली होती. तेव्हा दुसऱ्या भागात लहान आतड्याचा एक वळसा वर उचलून जठराला जोडायचा आणि अन्नाला नवी वाट काढून द्यायची. भारतातल्या सर्जनांनी त्या काळात अल्सरसाठी हीच जोडी फार वापरली. दवाखान्यात ती टीव्ही-जीजे या नावानं ओळखली जाई.

या ऑपरेशनच्या मागं नव्वद वर्षांचा हट्ट उभा होता. २९ जानेवारी १८८१ ला व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी कर्करोग झालेला जठराचा भाग कापून काढला आणि रोगी वाचला. त्याच वर्षी पोलंडच्या लुडविक रिडिगियर यांनी अल्सरसाठी तसंच केलं. पुढं १९१० मध्ये झाग्रेबच्या कार्ल श्वार्त्झ यांनी एक सूत्र दिलं, आम्ल नाही तर अल्सर नाही. मग आम्ल कमी करायचं तर आम्ल करणारं जठरच कमी करायचं, या हिशेबानं निम्मं, कधी दोन तृतीयांश जठर काढलं जाऊ लागलं. १९४३ मध्ये शिकागोच्या लेस्टर ड्रॅगस्टेड यांनी जठराला हात न लावता नस कापून पाहिली आणि ती वाट रूढ झाली. आबा अकोल्याच्या वॉर्डात पडले होते त्याच सुमाराला लीड्स आणि कोपनहेगनमधले सर्जन आणखी नाजूक काम करत होते. नसेच्या फक्त आम्लाच्या फांद्या वेचून कापायच्या आणि जठर हलवणाऱ्या फांद्या राखायच्या. तासन् तास मान खाली घालून करायचं ते काम मला शल्यकर्माच्या इतिहासातलं फार देखणं काम वाटतं. त्याला फळायला जेमतेम काही वर्षं मिळाली.

ऑपरेशननंतर नाकातून नळी, बाटलीत तपकिरी पाणी, आणि तोंडानं काही नाही. आतड्यांची चाल सुरू झाल्याशिवाय पाण्याचा थेंबही मिळत नसे. म्हणून आजीपासून शेजारच्या खाटेवरच्या रोग्याच्या बायकोपर्यंत जो तो एकच विचारी, "वारा सरला का?" दवाखान्याच्या भिंतीलगत तीन दगडांच्या चुली मांडून रोग्यांची माणसं रांधायची. तिथं आजीची कुठल्या कुठल्या गावच्या बायांशी गाठ पडली. त्यांतल्या एका घराशी तर आमचा पुढं आखाजीला येणं-जाणं राहील इतका घरोबा झाला. वारा सरला त्या दिवशी आजीनं सगळ्या वॉर्डाला गूळ वाटला.

आबा जगले. उलट्या थांबल्या, रात्रीची आग गेली, अंगावर मांस चढलं. पण पोटाची जुनी व्यवस्था मोडून नवी बसवली, तिची किंमत ते पुढं सगळं आयुष्य देत राहिले आणि घरही देत राहिलं. गोड खाल्लं की ते थेट, न थांबता लहान आतड्यात उतरे आणि अंगातलं पाणी तिकडे ओढून घेई. मग घाम फुटायचा, छाती धडधडायची, डोळ्यांपुढं अंधारी यायची. पोळ्याच्या दिवशी आजी त्यांच्यासाठी चार बोटांची पुरणपोळी वेगळी लाटायची. बैलांना घास भरवून झाला की आबा ती तुपाशी सावकाश खायचे आणि उठून बाजेवर जायचे. तेवढ्यासाठी आजी बाज आधीच सावलीत ओढून ठेवायची. कधी अचानक जुलाब लागायचे, म्हणून लग्नकार्याला ते आदल्या दिवशीपासून अर्धपोटी राहायचे. वर्षं सरली तसे पांढरे पडत गेले, तेव्हा लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. याचा त्रागा त्यांनी कधी केला नाही. आमच्या आयांनी मात्र सासरी आल्या दिवसापासून पाच वेळची चूल सांभाळली. ऑपरेशन सर्जनांनी केलं, पण ते पुढं तीस वर्षं चालवलं या बायांनी. हे कुठल्याही केसपेपरवर नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो.

मोठ्या काकांचं पोट १९८६ मध्ये दुखू लागलं. तीच वेळ, रात्रीचे दोन. घरात सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. काकांना अकोल्याला नेऊन बेरियम पाजलं, खडूच्या चवीचा पांढरा घोट, आणि फोटो काढले. ती मोठी काळी फिल्म घरी आली तेव्हा आम्ही ती अंगणात उन्हावर धरून पाहिली. पांढरं जठर ओळखू येत होतं आणि त्याच्या टोकाला, गोल असायला हवं तिथं, मुडपल्यासारखं झालं होतं. डॉक्टरांनी मात्र चाकूचं नाव काढलं नाही. रोज घ्यायची गोळी दिली, रॅनिटिडीन.

या गोळीच्या घराण्याचा मूळ पुरुष सिमेटिडीन. इंग्लंडमध्ये जेम्स ब्लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कितीतरी वर्षं शेकडो रसायनं तपासून ती शोधली आणि १९७६ मध्ये ती बाजारात आली. जे काम नस कापून साधलं जात होतं, ते ही गोळी जठराच्या पेशीवरचं एक कुलूप अडवून करत होती. ब्लॅकना १९८८ मध्ये नोबेल मिळालं. आपल्या बाजारात रॅनटॅक, झिनेटॅक, ॲसिलॉक ही नावं पानटपरीवरच्या बिड्यांइतकी तोंडी बसली. पाहता पाहता मोठ्या दवाखान्यांतल्या ऑपरेशनच्या यादीतून अल्सर मागं सरकला.

पण तेव्हा ते इतकं सरळ दिसत नव्हतं. गोळी थांबवली की बहुतेकांचा अल्सर वर्षभरात परत यायचा. आमच्या ओसरीवर त्यावरून खराखुरा वाद झाला आणि आम्हा पोरांना तो अजून ऐकू येतो. आबा म्हणायचे, "एकदाच कापून घे अन् मोकळा हो. जिंदगीभर गोळीचं झंझट कायले?" काका मान खाली घालून म्हणायचे, "बाबा, तुमची चार बोटांची पोळी पाह्यली हाये मी." त्या काळच्या वैद्यकाच्या मासिकांत हाच वाद मोठमोठ्या सर्जनांत आणि औषधवाल्या डॉक्टरांत चालू होता. आमच्या घरात तो एक बाप आणि एक मुलगा घालत होते, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. काकांनी गोळी निवडली. पेरणीच्या दिवसांत चुकली की दुखणं उसळायचं. म्हणून काकू बियाण्याच्या पिशव्यांसोबतच गोळ्यांच्या पट्ट्या आणून ठेवायची.

खरं उत्तर तोवर ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये सापडून चुकलं होतं. रॉबिन वॉरन हे पॅथॉलॉजिस्ट. जठराच्या तुकड्यांत त्यांना वारंवार वाकडे जंतू दिसायचे. एवढ्या आम्लात जंतू जगूच शकत नाही, असं सगळं वैद्यक मानत होतं. बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाला. तो जंतू बशीत वाढवायचे प्रयत्न पुन्हा पुन्हा फसले. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत बशा नेहमीपेक्षा जास्त दिवस उबेत राहिल्या आणि जंतू उगवला. त्याला सावकाश वाढायची सवय होती, इतकंच. लोक मानेनात म्हणून १९८४ मध्ये मार्शलनं तो जंतू स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं नेमलेल्या तज्ज्ञांनी १९९४ मध्ये मान्य केलं की हा जंतू सापडलेल्या अल्सरच्या रोग्याला प्रतिजैविकं दिलीच पाहिजेत. २००५ मध्ये वॉरन आणि मार्शलना नोबेल मिळालं. हेलिकोबॅक्टर पायलोरी हे त्या जंतूचं नाव.

हे सगळं आमच्या घरात उतरलं १९९७ मध्ये, काकांच्या दुर्बीण तपासणीत. बहीण तेव्हा नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि सोबत उभी होती. दुर्बिणीतून जठराचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा काढून पिवळ्या जेलमध्ये टाकला आणि तिच्या डोळ्यांदेखत त्याच्याभोवतीचा पिवळा रंग गुलाबी होत गेला. जंतू युरियापासून अमोनिया करतो, त्यानं रंग पालटतो. दोन प्रतिजैविकं आणि आम्ल थांबवणारी ओमिप्राझोल, असा दोन आठवड्यांचा कोर्स झाला. त्यानंतर काकांचं पोट रात्री दोनला पुन्हा उठलं नाही. काकू कितीतरी दिवस सवयीनं गोळ्यांची पट्टी आणत राहिली.

हा जंतू बहुतेक करून लहानपणीच, घरातल्या घरात, तोंडावाटे एकाकडून दुसऱ्याकडे जातो. भारतातल्या निम्म्याहून जास्त प्रौढांच्या पोटात तो असतो आणि त्यांतल्या थोड्यांनाच अल्सर होतो. बहिणीनं हे सांगितलं तेव्हा आम्ही भावंडं एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. एका परातीत काला कालवून आम्ही जेवलो होतो. एका रांजणातलं पाणी एकाच गडव्यानं प्यायलो होतो. आजीनं दात नसलेल्या नातवंडांना घास चावून भरवला होता. आबांकडून काकांकडे, काकांकडून कोणाकोणाकडे गेला असेल, देव जाणे. त्या परातीबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. तशा मायेत वाढलेली माणसं आम्ही, त्यातलं काय वगळायचं?

आबा तेव्हा थकले होते पण कान शाबूत होते. बहिणीनं त्यांच्या बाजेशी बसून त्यांना जंतूची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हंजे माह्या पोटातली नस फुकटच कापली म्हणतं का तू?" ती म्हणाली, "नाही आबा. तुमची वाट बुजली होती. जेवण खाली उतरत नव्हतं. आजच्या दिवशी तुम्ही तसे आले असते ना, तरी शेवटी वाट मोकळी करायले आमच्याकडच आणलं असतं." ती बरोबर बोलली. आता अशी वाट आधी औषधांनी आणि दुर्बिणीतून फुगा घालून रुंद करून पाहतात, नाही जमलं तर ऑपरेशन. पण १९६९ मध्ये जंतू ठाऊक नव्हता, गोळी नव्हती, फुगा नव्हता. होते ते एका सर्जनचे हात आणि काकांच्या रक्ताची बाटली. त्या पिढीच्या पोटावरच्या रेघांना आता कोणी चूक म्हणू लागलं की मला ते सहन होत नाही. त्या रेघांनीच घरं उभी राहिली.

आबा त्यानंतर दोन-तीन वर्षांनी गेले. अल्सरचं ऑपरेशनही आमच्या आठवणीतच उरलं, असं आम्ही धरून चाललो होतो. बहीण काम करत होती त्या ऑपरेशन थिएटरात नवे सर्जन घडत होते आणि त्यांतल्या कित्येकांनी शिकताना व्हेगसची नस एकदाही कापलेली नव्हती.

मग २०१४ च्या पावसाळ्यात मोठ्या आत्याला रात्री एकाएकी पोटात सुरी खुपसल्यासारखं झालं. तिचे गुडघे वर्षानुवर्षं दुखायचे. निंदणाच्या दिवसांत वावरात बसायचं तर गोळी हवीच. कागदाच्या पुडीत दोन-तीन रंगांच्या गोळ्या मिळायच्या, त्यांची नावं कोणी सांगत नसे आणि ती विचारत नसे. रिकाम्या पोटी चहासोबत पुडी घ्यायची आणि कामाला जायचं. दुखणं थांबवणारी ही औषधं ज्या रसायनाला अडवतात, तेच रसायन जठराच्या आतल्या अस्तराची राखण करत असतं. ही औषधं त्या रसायनाला अडवतात, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं होतं. पुडीत स्टिरॉइडचीही गोळी असली की धोका कितीतरी पटींनी चढतो. आत्याचं अस्तर आतल्या आत झिजत गेलं, आणि दुखणं दाबणारी गोळी चालू असल्यानं तिला काही कळलंच नाही.

बहिणीनं फोनवर एवढंच विचारलं, "पोट दाबून पाहा, मऊ हाये का कडक?" पोट फळीसारखं कडक होतं. "गाडी काढा. पाणीसुद्धा देऊ नका." एक्स-रेमध्ये पोट आणि छातीच्या मधल्या पडद्याखाली हवेची बारीक काळी कोर दिसत होती. जठर-आतड्यातली हवा बाहेर पडली म्हणजे छिद्र पडलं. उजाडायच्या आत आत्या टेबलावर होती. सर्जननं पोट उघडलं, सांडलेलं सगळं सलाइननं पुन्हा पुन्हा धुऊन काढलं. छिद्र होतं डाळीच्या दाण्याएवढं. आतड्यांवर पदरासारखी पसरलेली चरबीची पातळ चादर असते, ओमेंटम. तिचा एक कोपरा ओढून त्या छिद्रावर ठेवला आणि दोन-तीन टाक्यांत बांधला. कॅनडाच्या रॉस्को ग्रॅहम यांनी १९३७ मध्ये सांगितलेली हीच साधी रीत. नस कापली नाही, आतडं जोडलं नाही, जठर जिथल्या तिथं राहिलं. आबांच्या ऑपरेशनचा हेतू आजार मुळातून उपटायचा होता. आत्याचं ऑपरेशन जीव वाचवून बाजूला झालं आणि बाकीचं औषधांवर सोडून दिलं.

अल्सरमधली शस्त्रक्रिया आता उरलीय ती इथं. रात्री, घाईत, छिद्रासाठी, किंवा दुर्बिणीतून थांबवता न आलेल्या रक्तस्रावासाठी. आणि टेबलावर येणारी माणसं बदलली आहेत. आबांच्या वेळी पस्तीस-चाळिशीचे कष्टकरी गडी असायचे. आता बहिणीला दिसतात त्या बऱ्याचदा आत्यासारख्या म्हाताऱ्या, गुडघ्याच्या आणि पाठीच्या गोळ्यांवर दिवस काढणाऱ्या. त्या उशिरा येतात. पोटात कळ आली तर आधी आणखी एक गोळी घेतात, सकाळपर्यंत वाट पाहतात. या आजारात तासांना किंमत आहे, जितका उशीर तितका पू वाढतो आणि विष रक्तात जातं. आबांना अकोल्याला न्यायला बंडी आणि मीटर गेज लागली, आत्याला अर्ध्या रात्री गाडी मिळाली. पण दारातल्या गाडीत बसायचा निर्णय घरातल्या कोणीतरी घ्यावा लागतो, आणि आमच्याकडे फोनच्या पलीकडे बहीण होती. सातपुड्याच्या कुशीतल्या पाड्यांवरून सोनाळ्याच्या बाजाराला येणाऱ्या किती बायांकडे ती असते?

आत्याच्या टाक्यांच्या बाजूला नळी होती, ड्रेसिंग होतं, पण रेघ आबांच्या निम्म्यानंही नव्हती. तिचीही जंतूची तपासणी झाली, तीत जंतू सापडला नाही. दोष पुडीचाच होता. घरी आल्यावर पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "पुरणपोळी खाता येईल ना मले?" बहीण म्हणाली, "दोन खाय." आत्या रडायला लागली. त्या घरात पोटाचं ऑपरेशन झालेल्या माणसाला दोन पोळ्या खाता येतात, हे तिला खरंच वाटेना.

तेव्हापासून दर दिवाळीला बहीण सोनाळ्याला येते ती ब्लड प्रेशरचं यंत्र आणि कात्री घेऊन. फराळ झाला की सगळ्यांनी आपापले गोळ्यांचे डबे ओसरीवर मांडायचे. मुदत संपलेल्या पट्ट्या ती कापून बाजूला करते. नाव नसलेल्या पुड्या फेकते. डायक्लोफिनॅक कोण किती घेतं, जेवून घेतं की उपाशी, ते विचारते, आणि शेजारच्या बायाही आता आपले डबे पदराखाली घेऊन येतात. गेल्या दिवाळीत मोठ्या काकांनी आपणहून हृदयाची ॲस्पिरिन काढून फेकायच्या ढिगात ठेवली होती, आत्याला झालं ते आपल्याला नको म्हणून. बहिणीनं ती उचलून परत त्यांच्या डब्यात ठेवली आणि म्हणाली, "काका, ही डॉक्टरले विचारल्याशिवाय बंद करायची नाही. स्टेंट हाये तुमच्या हृदयात." मग डॉक्टरांनी लिहून दिलेली आणि काकांनी घ्यायची सोडलेली पोटाची गोळी चिठ्ठीतून शोधून काढली आणि सकाळी चहाच्या आधी घ्यायची म्हणून काकूच्या हातात दिली.